डावी बाही सैल

आमच्या ह्यांना तुम्ही ओळखत नसाल, पण ह्यांच्या हातचे शर्ट तुम्ही नक्की पाहिले असतील. वसईच्या एव्हरशाईन सिटीत सकाळी एखादा माणूस ताठ कॉलरीचा, बाहीवर सरळ रेघ असलेला शर्ट घालून चाललेला दिसला, की समजायचं, हा आमच्या प्रल्हाद लाँड्रीचा गिऱ्हाईक. रेघेत कुठे वाकडेपणा सापडला तर मला येऊन सांगा. सापडणार नाही. ह्यांच्या स्वभावात सापडेल, रेघेत नाही.

हे मूळचे लांज्याकडचे. मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा काकांच्या हाताखाली इस्त्री शिकायला वसईला आले आणि इथलेच झाले. लग्न होऊन मी आले तेव्हा दुकान म्हणजे जिन्याखालची एक फट होती. आता रस्त्यावरचा गाळा आहे, पंखा आहे, पाटी आहे. इस्त्री मात्र तीच, कोळशाची. तिच्यापुढे विजेची इस्त्री म्हणजे खेळणं. माझ्या भाचीने एकदा हौसेने उचलायला घेतली आणि दोन दिवस मनगटाला मलम चोळत बसली. सगळे म्हणतात, गॅसची घ्या, हलकी असते. हे म्हणतात, "हलक्या इस्त्रीला कपडा ऐकत नाही." आता कपडा काय ऐकतो आणि काय नाही हे ह्यांनाच ठाऊक. मी सांगितलेलं मात्र ह्यांना कधी ऐकू येत नाही.

आणि गंमत बघा, जगाचे कपडे सरळ करणारा हा माणूस स्वतःच्या शर्टाला हात लावत नाही. त्यांचे शर्ट मी इस्त्री करते, घरी, तुळिंजला, आमच्या साध्या विजेच्या इस्त्रीने. शर्ट शिवायचे ते श्रीपतमामांनी. मामा शिंपी, आमच्याच गावचे, तुळिंजच्या बाजारात त्यांचं मशीन असायचं. ह्यांनी आयुष्यात दुसऱ्या कुणाच्या हातचा शर्ट अंगाला लावला नाही. लग्नातलासुद्धा मामांचाच. मग मामांच्या डोळ्यांनी दगा दिला, मशीन विकून ते मुलाकडे गावी गेले, आणि ह्यांना जुन्यावरच दिवस काढायची पाळी आली.

इथून रामायण सुरू झालं.

आमच्या दिपिकाचा साखरपुडा दसऱ्याला ठरला. मुलगा जितेश, कामणच्या एका गोदामात सुपरवायझर, सरळ पोरगा. दिपिका म्हणाली, "पप्पा, तुम्ही तो कॉलर विरलेला शर्ट घालून आलात तर मी अंगठी घालून घेणार नाही." आणि तिने मोबाईलवरून तयार शर्ट मागवला. फिकट निळा, पूर्ण बाह्यांचा, दिसायला झकास. ह्यांनी घातला. मी टाचण्या घेऊन भोवती फिरले. गॅसवर दूध, दारात भाजीवाला, तोंडात टाचण्या, आणि हे पुतळ्यासारखे उभे.

"डावी बाही सैल पडतेय," मी म्हटलं. "दंडाला टाचून देते."

"डावीच का?"

"डावा हात बारीक आहे म्हणून."

बस्. एवढंच बोलले मी. टाचण्या तोंडात धरून बाई आणखी किती बोलणार? तेवढ्यात दूध वर आलं, मी धावले. परत येऊन बघते तर हे आरशासमोर, शर्ट काढलेला, दोन्ही हात पुढे धरलेले, आणि चेहऱ्यावर रंग नाही. मला वाटलं, लेक जाणार म्हणून गलबललं असेल. बापाचं काळीज. मी म्हटलं, "अहो, कामणला तर जातेय, लंडनला नाही." तर माझ्याकडे असं बघितलं, की मी कुणी परकीच आहे.

पुढचं मला सगळं नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखे भलत्या संशयात पडाल.

ह्यांच्या मनाने घेतलं, की डावा हात झडत चाललाय. आणि माणसाचं कसं असतं, एकदा अंगाकडे लक्ष गेलं की अंग लाडात येतं. दिवसभर उभं राहून ह्यांची पोटरी कधीतरी लवायचीच. पूर्वी लवली तर लवली. आता हे इस्त्री बाजूला ठेवून पँट वर करून बघत बसायचे, कातडीखाली काहीतरी टुणटुण उडतंय. मग दंड लवायला लागला. मग अंगठा. मग पापणी.

एके दिवशी मी मटार सोलत बसले होते. हे सहज विचारल्यासारखं म्हणाले, "पुरुषाची डावी पोटरी लवली तर काय गं?"

"पोटरी कसली लवते? डोळा लवतो."

"समज लवली."

"डावं अंग बाईचं लवलं तर चांगलं, पुरुषाचं वाईट." मी मटाराचा दाणा तोंडात टाकला. "का? कुणाची लवली?"

"गिऱ्हाईकाची," म्हणाले, आणि उठून गॅलरीत गेले. मला काय ठाऊक, गिऱ्हाईक गॅलरीतच उभं आहे!

आता त्यात वेदांतची भर. वेदांत म्हणजे समोरच्या बिल्डिंगमधला कंप्युटरवाला मुलगा. घरून काम करतो. फक्त शर्ट इस्त्रीला टाकतो, पँट कधीच नाही, कारण मिटिंगमध्ये कमरेपर्यंतच दिसतो म्हणे. पोरगा भला आहे, पण जगातल्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर त्याच्या मोबाईलमध्ये असतं. ह्यांनी त्याला "आमच्या एका मित्राचं" म्हणून विचारलं. त्याने टाइप केलं: एक हात बारीक झालाय आणि अंग लवतंय. मोबाईलने लगेच तीन इंग्रजी अक्षरांचा आजार काढून हातावर ठेवला. नसांचा आजार. आधी हातपाय बारीक होतात, मग चालणं जातं, मग बोलणं, मग गिळणं, मग माणूस. खाली असंही लिहिलेलं होतं, की नुसतं लवणं बहुतेक वेळा साधंच असतं, घाबरू नका, डॉक्टरांना दाखवा. वेदांतने तेही वाचून दाखवलं, बिचाऱ्याने. पण हे "मग माणूस"पाशीच थांबले होते.

तीन अक्षरं घेऊन हे घरी आले आणि मला एक अक्षर बोलले नाहीत.

मग काय एकेक प्रकार सुरू झाले! सकाळी आरशासमोर जीभ बाहेर काढून उभे. मी आत गेले की जीभ आत. मी म्हटलं, "आरशाला कशाला वेडावताय?" तर म्हणे, "पित्त झालंय का बघतोय." नंतर कळलं, जीभ लवते का ते बघत होते. पाण्याची भरलेली बादली डाव्या हाताने उचलून उभे राहायचे आणि तोंडाने आकडे पुटपुटायचे. पॅसेजमध्ये टाचांवर चालत जायचे, चवड्यांवर चालत परत यायचे. शेजारच्या रंभावहिनींनी ते बघितलं आणि मला बाजूला घेऊन कौतुकाने म्हणाल्या, "भावोजी लेकीच्या हळदीसाठी नाच बसवतायत वाटतं!" मी म्हटलं, "असेल बाई. स्वतःच्या हळदीत जागचे हलले नव्हते, आता उमेद आली असेल."

साखरपुडा झाला. ह्यांनी नवा शर्ट घातला, पण वर जाकीट चढवलं, मरणाच्या उकाड्यात. घामाने निथळले पण काढलं नाही.

आणि मग मला शिकवणी लागली. "कोळसे असे पेटवायचे. खळ एवढीच पातळ करायची. ह्या बाईंची कांजीवरम पालथी घालूनच इस्त्री करायची, विसरायचं नाही." मी म्हटलं, "मला कशाला सांगताय? तुम्ही कुठे निघालात?" म्हणे, "माहीत असलेलं बरं." बरं, कोळसे समजू शकते. पण स्कूटर? ह्या वयात मला मैदानात नेऊन स्कूटरवर बसवलं! हे मागून धरून धावतायत, मी किंचाळतेय, क्रिकेट खेळणारी पोरं खेळ सोडून बघतायत. शेवटी मी करवंदीसारख्या कसल्याशा काटेरी जाळीत घुसले. हे धापा टाकत आले आणि मला उचलायच्या आधी ओरडले, "अगं, अशी घाबरलीस तर मी नसताना कोण सोडणार तुला?"

"रिक्षावाला!" मी जाळीतूनच ओरडले.

पण घरी येऊन काटे काढताना माझ्या डोक्यात ते शब्द फिरायला लागले. मी नसताना. म्हणजे कुठे जाणार हा माणूस? गावी? रंभावहिनींनी आवाज खाली आणून सुचवलं, "दुसरं काही नसेल ना? एखादी बाईबिई?" मला हसूच आलं. दुकानात बाई आली तर हे तिच्याकडे बघत नाहीत, तिच्या साडीच्या पोताकडे बघतात. तरी पण झोप उडाली माझी, खोटं कशाला बोलू? एवढी वर्षं संसार केला, ह्यांच्या मनात काय आहे ते मला ह्यांच्या आधी कळायचं. आणि आता हे बंद दार. मला त्याचा राग येत होता आणि भीतीही वाटत होती.

शेवटी भांडं फुटलं ते कामणहून. लग्न वैशाखात ठरलेलं. एके दुपारी विहीणबाई आशालताताईंचा फोन आला. आवाज एकदम मधाळ. म्हणाल्या, "विनिताताई, काल भाऊ आले होते आमच्याकडे. लग्न तुळशीचं लग्न लागल्या लागल्या उरकून घेऊ म्हणाले. आमची काही हरकत नाही हो. पण एवढी घाई... म्हणजे... मुलीला काही... तसं तर नाही ना?"

मला आधी "तसं" म्हणजे काय तेच कळेना. कळलं तेव्हा कान तापले. मी कसंबसं "छे हो, भलतंच काय" म्हणून फोन ठेवला, पायात दिसेल ती चप्पल अडकवली आणि रिक्षा करून सरळ दुकानात. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मी त्यांचीही भीड ठेवली नाही.

"लेकीची अब्रू घालवायला निघालात काय? कोणी सांगितला होता तुम्हाला हा शहाणपणा? मला विचारायचं नाही, सांगायचं नाही, उठायचं आणि कामणला जायचं! झालंय काय तुम्हाला?"

ह्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. गिऱ्हाइकांना म्हणाले, "संध्याकाळी या." आणि भर दुपारी शटर ओढलं. हे मी कधी पाहिलं नव्हतं. सासरे गेले त्या दिवशीसुद्धा ह्यांनी आधी पेटवलेल्या कोळशांवरचे कपडे संपवले होते. माझा राग तिथेच गळून पडला.

घरी आलो. हे खाटेच्या कडेला बसले आणि म्हणाले, "विनिता, मला मोठा आजार झालाय. नसांचा. मी जास्त दिवस नाही. माझे हात चालतायत तोवर लेकीच्या डोक्यावर अक्षता पडू देत, एवढंच माझं म्हणणं आहे."

मी खालीच बसले, फरशीवर. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, काय होतंय, मी विचारत सुटले. हे म्हणाले, "आता नको. डॉक्टरांपुढे सांगेन. दोनदा सांगायचं बळ नाही माझ्यात."

"म्हणजे अजून डॉक्टरांना दाखवलेलंच नाही?"

"दाखवलं की ते सांगणार ना," हे म्हणाले. "नाही दाखवलं तोवर निदान..."

आता ह्याला काय म्हणायचं? मरायची सगळी तयारी झाली होती, फक्त डॉक्टरकडे जायची हिंमत नव्हती. एरवी मी ह्यांना चांगलं फैलावर घेतलं असतं. पण मला तेव्हा काही सुचत नव्हतं. मी नुसती त्यांच्या पावलांना हात लावून बसले. पावलं गरम होती, नेहमीसारखी. मला वाटलं, ही असू देत, बाकी काही नको.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि आम्ही नसांच्या डॉक्टरांकडे गेलो. मोठा दवाखाना, गार, बसायला निळ्या खुर्च्या. आमच्या शेजारी एक जोडपं होतं, वसई गावाकडचं, ख्रिश्चन. बाईंचं नाव बेला. मी बोलकी, त्या बोलक्या, लगेच जमलं. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या त्यांच्या नवऱ्याचं नाव स्टॅनी. लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे म्हणे. "एवढा दम होता छातीत, नवरी चर्चमधून बाहेर येईतो एकाच श्वासात वाजवायचा," बेलाबाई म्हणाल्या. आता त्यांचे हात मांडीवर ठेवलेले होते, कुणी तिथे ठेवून विसरून गेल्यासारखे. कॉलर एका बाजूने आत दुमडलेली. बेलाबाई मध्येच वाकून, "पानी देऊ?" म्हणायच्या, नळीने पाणी पाजायच्या, हनुवटी रुमालाने टिपायच्या आणि पुन्हा माझ्याशी गप्पा.

"कशापासून चालू झालं?" मी हळूच विचारलं.

"हातापासून. दोन पावसाळे झाले," त्या म्हणाल्या.

ह्यांनी ते ऐकलं. उठून उभेच राहिले. "चल, घरी जाऊ." मी मनगट धरून खाली बसवलं. मनगट थंडगार. माझंही मन थाऱ्यावर नव्हतं. डोळ्यांसमोर मला रुमाल दिसत होता, माझ्या हातातला. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना एकदम हाका मारत होते, ज्याला ऐकू जाईल त्याने यावं.

आमचं नाव पुकारलं.

डॉक्टर तरुण होते, शांत. ह्यांना आडवं केलं, गुडघ्यावर हातोडी मारली, तळव्यावर ओरखडा काढला, जीभ बघितली, टाचांवर चालवलं. हे सराव केल्यासारखे फर्मास चालले, केलाच होता म्हणा. डावा हात दाबून धरला, म्हणाले, "ढकला मला." ह्यांनी ढकलला तर डॉक्टरांची चाकांची खुर्ची मागे गेली.

"ताकद तर उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "काय त्रास होतोय नेमका?"

ह्यांनी सावकाश शर्ट काढला. डावा हात पुढे केला. "हा बघा, डॉक्टर. हा गेला. निम्मा झाला उजव्याच्या. आणि अंग लवतं."

डॉक्टरांनी दोन्ही दंडांना टेप लावून माप घेतलं. फरक होता. चांगला दोन बोटांचा. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हात बारीक झालाय हे तुमच्या लक्षात कधी आलं?"

"माझ्या नाही आलं," हे म्हणाले. "हिने सांगितलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे बघितलं.

"मी? मी कधी सांगितलं?"

"शर्ट टाचताना. डावी बाही सैल आहे म्हणालीस. डावा हात बारीक झालाय म्हणालीस."

"झालाय नाही!" मी खुर्चीतून उठलेच. "आहे म्हटलं मी! बारीक आहे! अहो, तो पहिल्यापासूनच बारीक आहे! लग्नाच्या शर्टाची डावी बाही अरुंद आहे तुमच्या! श्रीपतमामा जन्मभर तुमच्या बाह्या दोन मापांच्या कापत आले. खांद्याशी बाही जोडतात तो मुंढासुद्धा वेगळा ठेवायचे. मला म्हणाले होते, वहिनी, ह्याचा उजवा दंड पैलवानाचा आणि डावा कारकुनाचा, पण त्याला बोलू नका, लाजेल. मी रोज इस्त्री करते, बाहीवर बाही कधी बसली नाही तुमची!"

डॉक्टर ह्यांच्याकडे वळले. "काम काय करता तुम्ही?"

"लाँड्री आहे. इस्त्री करतो."

"कुठल्या हाताने?"

"उजव्या." मग जरा अभिमानाने, "कोळशाची."

डॉक्टरांनी टेप गुंडाळून ठेवला. त्यांचे ओठ हलायला लागले होते, पण आवाज सांभाळून म्हणाले, "काका, डावा गेलेला नाही. उजवा आलेला आहे."

आणि मला जे हसू फुटलं! देवा! कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. मी हसतेय, डोळ्यांतून पाणी वाहतंय, पदर तोंडात कोंबला तरी आवाज काही थांबेना. डॉक्टरही हसले. आमचे हे मधोमध उघड्या अंगाने उभे, एकदा ह्या दंडाकडे बघतायत, एकदा त्या दंडाकडे, जत्रेत जुळं सापडल्यासारखे. मग ह्यांनी वेदांतच्या मोबाईलचंही कबूल केलं, आणि पुढचं डॉक्टरांनी नीट समजावलं. ताकद पूर्ण आहे, हातोडीची तपासणी चांगली आहे, काळजीचं कारण दिसत नाही. पोटरी लवते ती उभं राहून, चहा ढोसून आणि दिवसरात्र तिच्याकडे बघत बसल्याने. कदाचित पुढेही लवेल, लवू द्या. तीन महिन्यांनी एकदा दाखवून जा. आणि मोबाईलला विचारताना निदान खरं काय ते विचारत जा. "झालाय" टाइप केलंत, "आहे" टाइप केलं असतंत तर तोही बिचारा गप्प बसला असता.

आम्ही बाहेर आलो. मी अजून डोळे पुसत होते. बेलाबाई समोर उभ्या, त्यांचा नंबर पुढचा. त्यांनी माझा हात धरला.

"हसण्याचा आवाज आला बाहेर," त्या म्हणाल्या. "बरं निघालं ना तुमचं? बरं वाटलं बाई. ह्या दारातून कधी हसू आलेलं ऐकलं नव्हतं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी मान हलवली. त्या खरंच आनंदाने बोलत होत्या, तेच मला सोसेना.

हे मात्र पुढे गेले. स्टॅनींच्या चाकाच्या खुर्चीपुढे वाकले. त्यांची आत दुमडलेली कॉलर बाहेर काढली, दोन बोटांत धरून सरळ केली, खांद्यावरची चुणी तळव्याने दाबून दाबून बसवली, दुकानात करतात तशी, घाई न करता. स्टॅनींनी मान थोडी वर केली. ओठ जुळवायला त्यांना वेळ लागला.

"क... कडक," ते म्हणाले. आणि डोळ्यांनी हसले.

"एकदम कडक," हे म्हणाले.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर येऊन हे बसले. रिक्षा समोर उभी होती, पण उठेनात. दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडायला लागले. इतके दिवस स्वतःच्या मरणाची तयारी करताना ह्यांच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. मी शेजारी बसले. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत.

"म्हणून तुला सांगितलं नाही," थोड्या वेळाने हे म्हणाले. "तू अशी रुमाल घेऊन बसली असतीस. मला ते बघवलं नसतं. तुला त्रास नको म्हणून गप्प राहिलो."

"त्रास नको होता तर लग्न कशाला केलंत माझ्याशी?" मी म्हटलं. मला हसूही येत होतं आणि ह्यांना दोन लगावाव्यात असंही वाटत होतं. "बसले असते रुमाल घेऊन. पाणी पाजलं असतं, तोंड पुसलं असतं, आणि वर दिवसभर बडबडले असते. तुम्ही एकटेच मरायला निघाला होतात. मी घरात मटार सोलतेय आणि तुम्ही गॅलरीत मरताय. तुम्हाला काय वाटलं, त्याने मला बरं वाटलं असतं?"

हे नाक पुसत बसले.

"माझ्या डोक्यावर हात ठेवा," मी म्हटलं.

"इथे?"

"इथेच. आणि शपथ घ्या. पुढच्या खेपेला मरायचं ठरवलंत की पहिलं मला सांगायचं."

भर रस्त्यात, रिक्षावाल्याच्या देखत, ह्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"सांगेन," म्हणाले. "तुलाच सांगेन."